मूळकुजीवर चिकटकाकांचा उतारा

त्या वर्षी आसपासच्या सगळ्या शेतांतला मटार मुळापासून कुजला. त्यात चिकटकाकांचा फायदा किती झाला, ते आधी मांडू या.

सलूनवाल्याने त्यांची मिशी फुकट कातरून दिली. बेकरीवाला ताजा पाव कागदात गुंडाळून "राहू द्या हो काका, नंतर बघू" म्हणू लागला. काकांसारख्या माणसाला 'नंतर बघू' म्हणणं म्हणजे पाव बक्षीस देण्यासारखंच होतं. दूधवाल्याने त्यांना दोनदा स्कूटरवरून घरापर्यंत सोडलं, तेही वाट वाकडी करून. काकांकडून वर्गणी निघत नाही म्हणून एरवी तोंड फिरवणारे लोक आता रस्ता ओलांडून येत आणि विचारत, "गुडघा कसा आहे?" कोणता गुडघा, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसे. काका दोन्ही गुडघ्यांची हकीकत सांगत, कारण ऐकणारा फुकटात रोज थोडाच भेटतो!

खर्चाच्या बाजूला काहीच नव्हतं.

एवढ्या मानमरातबाचं कारण सरळ होतं. धंदा कोणताही असो, शेत प्रत्येकाचं होतं, आणि सगळ्यांचा मटार खालून पिवळा पडत वर सुकत चालला होता. रोप धरून ओढलं तर ते जराही कुरकुर न करता हातात यायचं. मुळाची साल ओल्या मोज्यासारखी जमिनीतच राहायची आणि आतला तपकिरी दोरा तेवढा वर निघायचा. चिकटकाकांचा मटार मात्र हिरवागार, शेंगांनी लगडलेला, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभा. तेव्हा काकांकडे काहीतरी गुप्त औषध आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं.

काकांकडे औषध नव्हतं. 'आहे' म्हटलं असतं तर खोटं बोलणं झालं असतं, आणि 'नाही' म्हटलं असतं तर मिशी गेली असती. म्हणून कुणी विचारलं की ते नुसते हसत आणि आभाळाकडे बघत. आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायची सोय नसते.

या औषधापायी सगळ्यात जास्त खेटे घातले ते त्यांच्या मेहुण्याने, बायकोच्या पाठच्या भावाने. त्याला सगळे 'न्या-की' म्हणत. त्याच्याकडे पॉवर टिलर, म्हणजे नांगरटीचं छोटं यंत्र, होता. भोवतालच्या साऱ्या शेतांत मिळून तो एकच. कुणीही फाटकाशी येऊन "जरा टिलर…" एवढं म्हणायचा अवकाश, हा आतूनच ओरडायचा, "न्या की!" भाडं नाही, डिझेल नाही, कधी आणून देणार ही चौकशी नाही. टिलर आज इथे, उद्या तिथे, आणि ज्याचा त्याच्या शेडमध्ये बहुतेक वेळा कोंबड्या. त्या बदल्यात न्या-कीला मिळायची ती वाहवा. "माणूस असावा तर असा!" हे वाक्य त्याला आठवड्यातून तीन-चारदा ऐकायला मिळालं नाही, तर त्याला जेवण जात नसे. हे वाक्य बोलताना लोक शेजारच्या चिकटकाकांच्या कुंपणाकडे बघत, तेव्हा तर ते दुप्पट गोड लागे.

आणि आता त्याच न्या-कीचा मटार सर्वांत आधी कुजला होता.

तो बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "ताई, तू तरी सांग. भावोजी बियाण्याला काय चोळतात?"

"चोळायचं म्हणजे काहीतरी विकत आणायला नको का?" काकू म्हणाल्या. "तुझे भावोजी साबणाची वडीसुद्धा दोऱ्याने कापून वापरतात."

"कापलेली वडी लवकर वाळते," काका दारातून म्हणाले. "वाळलेली वडी कमी झिजते."

"भावोजी, मी काय परका आहे? सख्खा मेहुणा तुमचा."

"म्हणूनच तर चहा दिला."

"तो ताईने दिला."

"दूध माझं होतं."

"थेंबभर," काकू म्हणाल्या. "चहाला कळलंसुद्धा नाही."

न्या-की हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं. "हसा. यंदा माझ्या शेतातून चार पोतीसुद्धा निघाली नाहीत. परवा गाडी अर्धी रिकामी गेली. कारखान्याची खरेदीवाली बाई काही बोलली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटतेय. ती बाई बोलते तेव्हा ठीक असतं."

ही गाडी म्हणजे मटार गोठवणाऱ्या कारखान्याचा ट्रक. तोडणीच्या दिवसांत तो वळणावळणाचा रस्ता चढून वर यायचा आणि भरून खाली जायचा. मटार तोडला की लगेच गारठ्यात जावा लागतो, नाहीतर त्यातली साखर मरते आणि दाणा पिठूळ होतो. म्हणून गाडी आली तर मटार म्हणजे सोनं, आणि नाही आली तर गुरांचा चारा.

दोनच दिवसांनी खरेदीवाली बाई आली आणि बोलली. तोलकाट्याच्या पत्र्याखाली सगळ्यांना जमवून तिने सरळ सांगितलं, "पुढच्या हंगामात गाडीच्या आत ही जी पांढरी रेघ आहे ना, तिथपर्यंत माल भरला, तर गाडी इथे येत राहील. नाही भरला, तर शेवटची. अर्ध्या गाडीला डिझेल पूर्णच लागतं."

चिकटकाका पुढे झाले. "बाकीच्यांचं राहू द्या. माझा माल उत्तम आहे. माझ्या एकट्याचा न्या."

"काका, एका शेतासाठी एवढा ट्रक घाटातून वर आणायचा? तुम्ही माझ्या जागी असता तर आणला असता?"

काकांनी मनात हिशेब करून पाहिला. ते कंजूष असले तरी हिशेबाला खोटे नव्हते. "नसता आणला," ते म्हणाले, आणि घरी जाताना दूधवाल्याची स्कूटर समोर उभी असूनही चालत गेले.

कारण गणित उलटलं होतं. इतके दिवस शेजाऱ्यांचं नुकसान हा काकांचा नफा होता. आता शेजाऱ्यांचा मटार मेला की काकांचाही मेला, तो कितीही हिरवा असो. दुसऱ्याच्या शेतातल्या रोगाची काळजी करायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि ती त्यांना नव्या चपलेसारखी लागत होती.

खरेदीवाल्या बाईने पुढच्या आठवड्यात एक डॉक्टरीण पाठवली. माणसांची नव्हे, पिकांची. तरुण, उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात बादली. तिने प्रत्येक शेतातली रोपं अलगद खणून काढली, मुळं बादलीत खळबळली आणि उन्हात धरून पाहिली. सगळीकडे तेच, मधासारखी तपकिरी, मऊ पडलेली मुळं. "मूळकूज," ती म्हणाली. मग लोकच तिला मिरवत चिकटकाकांच्या शेताकडे घेऊन गेले. आज औषधाचं नाव बाहेर पडणार म्हणून सलूनवाला दुकान उघडं टाकून आला होता.

बांधावर काका खुरपं घेऊन उभे. "बूट खरवडा."

"काका, मी डॉक्टर आहे."

"डॉक्टरच्या बुटाला माती चिकटत नाही का? दुसऱ्याच्या शेतातलं तण माझ्या शेतात नको. उपटायला मजुरी पडते."

तिने मुकाट्याने बूट खरवडले, आत फिरली, मुळं पाहिली. पांढरीशुभ्र, निरोगी गाठींनी भरलेली, तुपात भिजल्यासारखी तुकतुकीत. बाहेर आली तर काका पुन्हा खुरपं पुढे करून उभे.

"आता कशाला?"

"येताना दुसऱ्याची माती नको होती. जाताना माझी माती जायला नको."

डॉक्टरीण खो-खो हसत सुटली. तिला हसताना पाहून लोकांना वाटलं, हिला औषध सापडलं.

"काका, या आधी इथे मटार कधी केला होता?"

"सात वर्षं झाली. बियाणं महागलं, तेव्हा सोडला. तेव्हापासून मका. घरचं बी, घरची पेर."

"मग यंदाच का?"

"यंदा कारखान्याने नव्याने मटार लावणाऱ्याला बियाणं फुकट दिलं."

"त्या बियाण्यावर लाल पूड होती. ती धुतलीत?"

"धुवायला पाणी लागतं."

इथे गर्दीतल्या तिघा-चौघांनी माना खाली घातल्या. त्यांनी आपल्या बियाण्यावरची पूड घाण समजून स्वच्छ धुऊन काढली होती. ती पूडच बियाण्याचं कवच होतं.

"पाणी किती देता?"

"पान मान टाकायला लागलं की देतो. मोटरचं बिल मला येतं, मटाराला नाही."

"आणि वाफे एवढे उंच का केलेत?"

"उंच केले नाहीत, झाले. सांडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कडेने चर खणले, ते खालच्या खड्ड्यात जमतं, गाईला होतं. खणलेली माती काय फेकून द्यायची? वाफ्यावर टाकली."

"नांगरट?"

"कुदळ."

"टिलर नाही आणला? तुमच्या मेहुण्याचाच तर आहे."

"टिलर आणला की मेहुण्याला जेवायला घालावं लागतं. आणि आज आपण टिलर आणला की उद्या तो शिडी मागतो."

डॉक्टरीण लोकांकडे वळली. "ऐकलंत? जमिनीला मटारापासून विश्रांती, वाफा उंच, पाण्याचा निचरा, ओलावा बेताचा, बियाण्यावर प्रक्रिया, बाहेरची माती आत नाही. यातलं एकटं काही पुरत नाही, सगळं मिळून केलं तर पुरतं. याला आमच्या भाषेत एकात्मिक व्यवस्थापन म्हणतात."

"आमच्या भाषेत कंजूषपणा म्हणतात," मागून सलूनवाला म्हणाला. "म्हणजे औषध नाहीच?"

"औषध नाही."

"मग काका, माझी मिशी परत करा!"

असा हशा पिकला की पलीकडच्या शेतातली पाखरं उडाली. बेकरीवाला बोटांवर पाव मोजू लागला. काका आभाळाकडे बघायला लागले, पण आज आभाळही त्यांच्या बाजूचं दिसेना.

हसणं थांबलं ते डॉक्टरणीच्या पुढच्या प्रश्नाने. "पण हा रोग इतक्या शेतांत एका वेळी पोचला कसा? तुमच्यात काही सामायिक आहे का?"

"आहे की!" लोक कौतुकाने म्हणाले. "याचा टिलर."

टिलर जवळच उभा होता. डॉक्टरीण खाली बसली आणि पात्यांवरची वाळलेली माती खरवडू लागली. आधी काळी निघाली, तिच्याखाली तांबूस, तिच्याखाली राखाडी, मग पुन्हा काळी. प्रत्येकाला आपापल्या शेताचा रंग ओळखता आला. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

न्या-कीचं तोंड इतकंसं झालं. "म्हणजे मी इतकी वर्षं सगळ्यांना जे वाटत होतो…"

त्याने बाहीने डोळे पुसले. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी म्हणाली, "अरे, तू दिलास. न धुता परत केला तो आम्ही. गप, रडू नकोस. एवढा मोठा घोडा झालास." मावशीच्या शेताची माती सगळ्यात वरच्या थरात होती.

आता प्रश्न उरला एकच. आजारी जमिनीत सहा-सात वर्षं मटार लावायचा नाही, असं डॉक्टरणीने बजावलं. रोग मातीत घर करून बसतो आणि मटाराची वाट बघतो. मग पुढच्या हंगामात गाडी भरायची कशी? तिने प्रत्येक शेतातली माती डब्यांत भरायला लावली, त्यात मटाराचे दाणे टोचले आणि डबे काकूंच्या ओसरीवर ओळीने मांडले. "रोपं हातभर झाली की उपटून मुळं बघू. माती स्वतःच सांगेल."

मातीने सांगितलं. एकामागून एक डब्यातून तपकिरी दोरे निघाले. पांढरी मुळं निघाली ती फक्त तीन डब्यांत, आणि तिन्ही डबे चिकटकाकांच्या जमिनीचे होते. त्यातल्या एका तुकड्यात नुकताच मटार होऊन गेला होता, त्याला आता विश्रांती. उरले दोन, टेकाडाचं वरचं मोठं शेत आणि खाली ओढ्याकाठची काळीभोर पट्टी. दोन्हींत वर्षानुवर्षं मकाच.

ओसरीवर जमलेल्या सगळ्यांनी डब्यांकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. कुणी काही मागितलं नाही. मागून उपयोग नसतो हे सगळ्यांना पाठ होतं. जो माणूस आपल्या शेतातली मूठभर माती दुसऱ्याच्या बुटाला लागून जाऊ देत नाही, त्याच्याकडे शेतच मागायचं कुठल्या तोंडाने?

"बोला की," काकू म्हणाल्या.

"काय बोलू?"

"अहो, उद्या गाडी बंद झाली म्हणजे तुमचा एकट्याचा मटार उभा राहील. मग तो कोण खाणार? सकाळी मटार, दुपारी मटार, रात्री मटार. मी आत्ताच सांगते, मी माहेरी जाईन."

"तुझं माहेर समोरच आहे."

"तिथे मटार कुजलाय. तेच बरं."

काका उठले, अंगणात जाऊन दोन फेऱ्या मारल्या. त्यांच्या डोक्यात आकडे कसे धावत होते ते चेहऱ्यावर दिसत होतं. ओठ हलत होते, एक बोट दुसऱ्या हाताच्या पेरांवरून फिरत होतं. जमीन दिली तर माती जाते. नाही दिली तर गाडी जाते. गाडी गेली तर मातीचं काय लोणचं घालायचं?

ते परत आले. "वरचं शेत घ्या. पट्ट्या पाडा, एकेक पट्टी एकेकाने करा. ओढ्याकाठची पट्टी माझी, ती देणार नाही. बदल्यात तुमच्या शेतांत मी मका पेरणार, मक्याला हा रोग धरत नाही. आणि माझ्या बांधाच्या आत माझं राज्य. बूट खरवडायचे, अवजारं धुवायची, पाणी मी सांगेन तेव्हा. पुढच्या वर्षी पुढचं बघू."

क्षणभर कुणाचा विश्वासच बसला नाही. मग सलूनवाला म्हणाला, "काका, तुमची तब्येत बरी आहे ना?" आणि न्या-कीने भावोजींचे पाय धरायला वाकून चुकून त्यांचा दुखरा गुडघा धरला.

डॉक्टरीण तेवढं एकच बोलली. "ओढ्याकाठची जमीन सखल आहे, काका. तिथे पाणी जपून."

"पाण्याचं मला सांगता!" काका म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

हंगाम सुरू झाला, आणि काकांना आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती. सकाळपासून ते बांधावर खुर्ची टाकून बसत, एका बाजूला पाण्याचं पिंप, दुसऱ्या बाजूला खुरपं आणि जुना ब्रश. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे तळवे तपासत. "बेकरीवाले, टाच राहिली. टाच!" बियाण्याला लावायला डॉक्टरणीने ट्रायकोडर्मा दिली होती, म्हणजे वाईट बुरशीला खाणारी चांगली बुरशी. ती काकांनी सावलीत बसून बियाण्याला अशी निगुतीने चोळून दिली की पूड जमिनीवर कणभर सांडली नाही. कुणी पाण्याचा पाईप हातात घेतला की काका लांबून ओरडत, "पान बघा आधी, पान! त्याने मागितलं का पाणी?"

न्या-कीपुढे वेगळंच संकट होतं. टिलर आता धुतल्याशिवाय द्यायचा नाही आणि आजारी शेतातून चांगल्या शेतात न्यायचा नाही, असं ठरलं होतं. म्हणजे त्याला 'नाही' म्हणायला शिकायचं होतं. त्याने बहिणीसमोर बसून सराव केला.

"मी मागते हं," काकू म्हणाल्या. "भाऊ, जरा टिलर हवा होता."

"न्या…" न्या-कीने ओठ आवळले. "न्या… नाही."

"चेहरा असा पाडू नकोस. समोरच्याला वाटेल, घरात कुणाला बरं नाही."

दोन-चार दिवसांत त्याला एक वाट सापडली. कुणी मागितलं की तो म्हणे, "भावोजींना विचारा." भावोजींना विचारायला कुणी जात नसे. वाहवा जरा कमी झाली, पण त्याने आपला सगळा जीव वरच्या शेतातल्या पट्टीत ओतला, आणि त्याचा मटार असा तरारला की वाटेने जाणारे थांबून बघू लागले.

इथेच घोडं पेंड खायला लागलं.

"काका, मेहुण्याचा मटार तुमच्यापेक्षा वरचढ दिसतोय," दूधवाला सहज म्हणाला. मग बेकरीवाला म्हणाला. मग डॉक्टरीण चार परगावचे शेतकरी घेऊन आली, त्यांना खुर्चीवरचे काका दाखवले, पिंप दाखवलं, खुरपं दाखवलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि फोटो काढले ते न्या-कीच्या पट्टीचे. काका त्या फोटोंत एका कोपऱ्यात आले, तेही अर्धेच.

आता काकांच्या काटकसरीचं मर्म सांगायला हवं, कारण ते स्वतः काकांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना पाणी जपून वापरायची आवड नव्हती. त्यांना बिलाची भीती होती. वरच्या शेतात मोटर होती, म्हणून वरच्या शेतात ते शहाणे होते. ओढ्याकाठच्या पट्टीत मात्र काठाला फावड्याने एक खाच पाडली की पाणी आपल्या पायांनी आत येत असे. मोटर नाही, बिल नाही. पाणी फुकट! फुकटची वस्तू सोडून देणं काकांच्या रक्तातच नव्हतं.

त्यांनी खाच पाडली. मटार दुसऱ्या दिवशी तजेलदार दिसला. तिसऱ्या दिवशी आणखी जरा. मग खाच रुंद केली. ओढा वाहतोच आहे, आपण नाही घेतलं तर खाली कुणीतरी दुसराच घेणार! चर तिथे खणलेच नव्हते, कारण पाणी वाचवायची गरज नव्हती. दिवसभर वर बांधावर बसून ते लोकांना ओरडत, "त्याने मागितलं का पाणी?" आणि घरी जाताना खाली उतरून आपल्या मटाराला न मागता पाजत.

एका सकाळी पट्टीचं खालचं टोक पिवळं दिसलं. काका वाकले, एक रोप धरलं. ते कुरकुर न करता हातात आलं.

ते तिथेच काठावर बसले. काकू शोधत आल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर उपटलेल्या रोपांची जुडी होती. काकूंनी पायाखालचा चिखल पाहिला, काठाची खाच पाहिली. बोलायला त्यांच्याकडे तीस वर्षांचं भांडवल साठलेलं होतं, पण त्यांनी त्यातलं काहीच खर्च केलं नाही.

"रोग आला होता का इथे?" एवढंच विचारलं.

"डब्यात तर नव्हता." काकांनी पाय पुढे केला. बुटाच्या टाचेला वरून आणलेली माती होती. कुणाच्या तरी टाचेची, खुरप्याने खरवडून खुर्चीपाशी पडलेली. "सगळ्यांचे बूट मी तपासले. माझे कुणी तपासले नाहीत."

आता सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं. काकांची पट्टी धरून गाडी पांढऱ्या रेघेपर्यंत भरेल, असा अंदाज होता. पट्टी गेली, तर?

काका स्वतः वर गेले आणि सर्वांसमोर सांगून मोकळे झाले. खाच, फुकटचं पाणी, टाच, सगळं. लपवून गाडी भरणार नव्हती, आणि हिशेबात खोट त्यांना चालत नसे. सलूनवाल्याने तोंड उघडलं, त्याच्या जिभेवर काहीतरी झकास आलं होतं. पण काकांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. सलूनवाल्याने विनोद गिळणं ही साधी गोष्ट नव्हे.

"ठीक आहे," भाजीवाली मावशी म्हणाली. "मग वर एकही शेंग वेलीवर राहता कामा नये."

तोडणीच्या दिवशी एकही राहिली नाही. एरवी लोक वरवरच्या भरल्या शेंगा ओरबाडून पुढे जात, खालच्या पानाआडच्या तशाच सुटत. त्या दिवशी काका प्रत्येक पट्टीत मागून फिरत होते आणि पानं उलटून दाखवत होते, "ही राहिली. इथे दोन राहिल्या. हिला काय सुट्टी आहे?" त्यांच्याइतकं बारीक कुणाला दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी कुणी त्याला कंजूषपणा म्हटलं नाही. न्या-की क्रेट उचलून धावत होता. बेकरीवाल्याच्या पाठीचा आकडा झाला होता, तरी तो वाकलेलाच पुढे सरकत होता.

गाडी आली. खरेदीवाली बाई मागच्या फळीवर चढून उभी राहिली. क्रेटमागून क्रेट रिकामा होत गेला, हिरवा ढीग चढत गेला, आणि सगळे जण ढिगाऐवजी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. शेवटचा क्रेट ओतला. तिने हाताने ढीग सारखा केला, वाकून बघितलं.

"रेघ दिसत नाही," ती म्हणाली.

लोकांना कळेना, हे चांगलं की वाईट.

"अहो, मटाराखाली गेली!" ती ओरडली. "पुढच्या वर्षी येतेय गाडी!"

मग जो गलका झाला त्यात सलूनवाल्याने गिळलेला विनोदही सांगून टाकला, पण तो कुणाला ऐकू आला नाही.

संध्याकाळी बाईने तोलाच्या पावत्या वाटल्या. ज्यांच्या जमिनी आजारी होत्या, त्या सगळ्यांना मटाराचे पैसे मिळाले. ज्याच्या टिलरने रोग फिरवला, त्या न्या-कीला सगळ्यात जास्त मिळाले. न धुता टिलर परत करणारे, बियाण्याची पूड धुऊन टाकणारे, पाण्यात मटार बुडवणारे, सगळे खिसे चाचपत घरी गेले. गाडी राहिली, कारखाना राहिला, आणि दुसऱ्यांच्या शेतांत पेरलेला काकांचा मकाही कमरेइतका झाला होता, त्यामुळे उपाशी कुणीच राहणार नव्हतं. फक्त मटाराच्या रकान्यात त्या वर्षी एका माणसाच्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हतं. ज्याच्या शेतात तोवर मूळकूज कधी शिरली नव्हती, त्याच्याच. सगळ्यांच्या शहाणपणाची किंमत ओढ्याकाठच्या त्या एका पट्टीत वसूल झाली, आणि ती चिकटकाकांनी एकट्याने भरली, पूर्ण भरली, आणि जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता.